बोटीच्या पोटातली तीन तासांची फेरी

प्रश्न : येत्या जूनमध्ये मुलाने आम्हा दोघांसाठी सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या अलास्काच्या सात दिवसांच्या क्रूझचे आरक्षण केले आहे. माहितीपत्रकात ‘पडद्यामागची सफर’ म्हणून तीन तासांची एक फेरी दिली आहे. तीत भटारखाना, कोठारे, धुलाईघर, इंजिनांचा नियंत्रण कक्ष आणि ब्रिज दाखवतात; पण त्यासाठी माणशी सव्वाशे डॉलर वेगळे मोजावे लागतात. माझे यजमान तीस वर्षे कारखान्यात बॉयलरवर काम करून निवृत्त झाले, त्यामुळे त्यांना फार उत्सुकता आहे. मला गुडघ्यांचा त्रास आहे, मी शाकाहारी आहे आणि दुसऱ्याचे स्वयंपाकघर बघायला एवढे पैसे कशाला, असेही वाटते. आम्ही जावे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : यजमानांनी अवश्य जावे, आपण जावे की नाही, हे आपल्या गुडघ्यांना विचारून ठरवावे.

आधी पैशांविषयी. एके काळी कप्तानाच्या परवानगीने प्रवासी ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या दालनात, सहज डोकावून येत असत. २००१मधील अमेरिकेवरच्या हल्ल्यांनंतर ते दिवस संपले आणि जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय नियमावली १ जुलै २००४पासून लागू झाली. आता अशा फेरीत जेमतेम पंधरा-वीस माणसे घेतात, त्यांची ओळखपत्रे तपासतात, काही जहाजांवर अंगझडतीही होते आणि सुरक्षारक्षक शेवटपर्यंत बरोबर असतो. शिवाय प्रत्येक खात्याचा प्रमुख आपले काम बाजूला ठेवून माहिती द्यायला उभा राहतो. हे लक्षात घेतले तरी सव्वाशे डॉलर मला जास्तच वाटतात, पण फुकट मिळावे असेही ते नाही.

फेरी कोणत्या दिवशी आहे, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्या. जानेवारी २०१२मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून ३२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर, जहाज अडचणीच्या पाण्यातून जात असताना ज्याचे काम नाही त्याने ब्रिजवर थांबू नये, असे धोरण क्रूझ व्यवसायाने ठरवले. म्हणून फेरी सहसा मोकळ्या समुद्रातल्या दिवशी ठेवतात. सिअ‍ॅटल सोडल्यानंतरचा पहिला दिवस बहुधा तसाच असतो, तो मिळाला तर उत्तम. आपले जहाज ग्लेशियर बेमध्ये जाणार असेल, तर त्या दिवशीची कोणतीही फेरी घेऊ नका. त्या उपसागरात दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवेश मिळतो. तिथली हिमनदी सोडून धुलाईघरातल्या चादरी बघत बसण्यात काहीच अर्थ नाही.

मी अशी फेरी कॅरिबियन समुद्रातल्या एका जहाजावर घेतली होती. गेलो होतो ब्रिजसाठी आणि तिथेच थोडा विरस झाला, कारण चित्रांतले भलेमोठे सुकाणूचक्र तिथे नव्हते. पडदे होते, शांतता होती आणि जहाज वळवायला मुठीएवढी एक दांडी होती. लक्षात राहिली ती कचऱ्याची खोली. एका लांब पोलादी टेबलाशी जाड हातमोजे घातलेले दोघे जण प्रत्येक पिशवी उपडी करून काच, डबे, कागद, प्लॅस्टिक आणि उरलेसुरले अन्न हाताने वेगळे करत होते. शेजारच्या बादलीत उष्ट्यातून निघालेले चमचे होते, तळ झाकून वर हातभर. हे रोजचेच असल्याचे त्यातल्या एकाने मान न वळवता सांगितले. प्लॅस्टिक समुद्रात कुठेही टाकायचे नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम १९८८च्या अखेरीपासून आहे. अन्न मात्र २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतके बारीक करून किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे सोडता येते. कॅरिबियनसारख्या विशेष समुद्रांत हेच अंतर बारा मैल आहे. बाकीचे जाळायचे, दाबून गठ्ठे बांधायचे किंवा बंदरावर उतरवायचे.

यजमानांना आधीच सांगून ठेवा, की प्रत्यक्ष इंजिने बहुधा दाखवत नाहीत. नियंत्रण कक्षातले पडदे दाखवतात. तरीही तिथला अभियंता मोकळेपणाने बोलतो आणि बॉयलरवर हयात गेलेल्या माणसाचे प्रश्न त्याला आवडतील. आजच्या बहुतेक मोठ्या क्रूझ जहाजांवर इंजिने जहाज पुढे ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यांना थेट फिरवत नाहीत. ती वीज तयार करतात आणि त्याच विजेवर पंख्यांच्या मोटारींपासून वातानुकूलनापर्यंत सगळे चालते. पिण्याच्या पाण्याविषयी तर त्यांनी जरूर विचारावे. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या यंत्रात हवेचा दाब इतका कमी ठेवतात, की पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ खालीच उकळते आणि त्यासाठी लागणारी उष्णता इंजिन थंड करून आलेल्या पाण्यातूनच घेता येते. जोडीला घरच्या आरओच्या तत्त्वावर चालणारी, पण खोलीएवढी यंत्रेही असतात.

भटारखाना आपण समजता तेवढा नीरस नाही. प्रत्येक पदार्थ ताटलीत कसा मांडायचा, याचे छायाचित्र भिंतीवर लावलेले असते आणि हजारावी ताटलीही तशीच निघावी लागते. स्वच्छतेची शंका असेल तर अमेरिकन सरकारचे आरोग्य निरीक्षक तिथल्या बंदरांना लागणाऱ्या परदेशी सफरींच्या जहाजांची अचानक तपासणी करून १०० पैकी गुण देतात, ८६च्या खाली जहाज नापास होते आणि हे अहवाल कोणालाही वाचता येतात. फक्त कोठारांमध्ये मांस-मासळीच्या शीतखोल्या आणि गोठलेले मांस सावकाश मऊ करण्याची वेगळी खोली लागते. ते दृश्य व वास नको असेल, तर तेवढा वेळ दाराबाहेर थांबू द्यावे, असे वाटाड्याला सुरुवातीलाच सांगावे.

आता गुडघे. तीन तासांत बसायला जवळजवळ मिळत नाही, कर्मचाऱ्यांचे जिने अरुंद आणि उभे असतात आणि जलरोधक दारांचे उंबरठे ओलांडावे लागतात. म्हणून साडीऐवजी सलवार-कमीज घालावी आणि पायांत पुढून बंद, सपाट बूट असावेत. चपला घातलेल्याला दारातूनच परत पाठवतात. छायाचित्रे बहुतेक ठिकाणी काढू देत नाहीत, मोबाइल खोलीतच ठेवायला सांगतात. आपल्याला एवढे झेपणार नसेल, तर भटारखान्याची अर्ध्या तासाची छोटी फेरी किंवा कप्तानाशी प्रश्नोत्तरे, असे कार्यक्रम पुष्कळ जहाजांवर विनामूल्य असतात. पहिल्या दिवशी स्वागतकक्षात चौकशी करा आणि यजमानांचे नावही तेव्हाच नोंदवा, कारण जागा लवकर संपतात.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. जहाजाच्या पोटातून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा कर्मचाऱ्यांचा एक लांब बोळ असतो. अमेरिकी जहाजांवर त्याला तिथल्या महामार्गावरून ‘आय-९५’ म्हणतात. त्या बोळात मराठी किंवा कोकणी कानावर पडले तर दचकू नका. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात ते आणि कोकणातले बोटीवर जाणारे, असे कितीतरी जण या जहाजांच्या भटारखान्यांत आणि इंजिनखात्यांत आहेत. तिथे त्यांना थांबवून गाव विचारू नये, कारण प्रत्येक जण घड्याळावर चाललेला असतो. जेवणघरात वाढणारा मुलगा रत्नागिरीचा किंवा मडगावचा निघाला, तर त्याच्याशी शेवटच्या पंगतीनंतर निवांत बोलावे. साधे वरण-भात मिळेल का, हेही त्यालाच विचारावे.