ब्रिटनमध्ये पावसाच्या पाण्याचं काम करायचं असेल तर

पर्जन्यजल वाहिन्यांच्या डिझाइनचा काही वर्षांचा अनुभव आहे, ब्रिटनमध्ये सस्टेनेबल ड्रेनेजच्या (पावसाचं पाणी जागेवरच थोपवून, मुरवून हाताळण्याच्या पद्धतीच्या) सल्लागार कंपनीत काम मिळेल का आणि निघण्याआधी काय शिकावं, असं तुम्ही विचारलंय. मी इंग्लंडमध्ये हेच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा अनुभव इथे चालतो, पण विचार उलटा करावा लागतो. पाणी लवकरात लवकर नाल्यात पोचवायचं, हे आपण शिकलेलो असतो. इथे पहिला प्रश्न असतो की ते जागेवरच किती थोपवता येईल. क्रमही ठरलेला आहे: आधी वापरा, मग जमिनीत मुरवा, ते जमत नसेल तर नदी-नाल्यात सोडा, मग पावसाळी गटारात, आणि अगदीच इलाज नसेल तर सांडपाण्यासोबतच्या एकत्रित गटारात. एकेक पायरी खाली उतरताना वरची का जमली नाही, याचा पुरावा द्यावा लागतो. ‘जमीन चिकणमाती आहे’ एवढं लिहून भागत नाही.

त्यासाठी मुरण्याची चाचणी घेतात. खड्डा खणायचा, पाण्याने भरायचा आणि पातळी ७५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. एकाच खड्ड्यात हे तीनदा करायचं, कारण माती भिजली की वेग मंदावतो. लंडनच्या चिकणमातीत पाणी नुसतं साचून राहतं. चुनखडीच्या भागात ते झरझर मुरतं, पण पोकळ्या होऊन जमीन खचण्याची भीती असते, म्हणून शोषखड्डा इमारतीपासून लांब न्यावा लागतो. शिवाय त्याचा तळ आणि भूजलाची सर्वांत वरची पातळी यांत सहसा किमान १ मीटर अंतर हवं. ती पातळी हिवाळ्यात मोजावी लागते. उन्हाळ्यातल्या मोजणीवर मी तरी विसंबत नाही.

पाणी मुरत नसेल, तर मोकळं रान असताना जेवढा विसर्ग झाला असता तेवढाच बाहेर सोडायचा आणि बाकीचं साठवायचं. १०० वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरायचा, त्यावर हवामानबदलाची वाढ, बऱ्याच भागांत ४० टक्क्यांच्या आसपास. इथे फक्त कमाल प्रवाह काढणाऱ्या रॅशनल मेथडवर काम भागत नाही, वादळाचा पूर्ण हायड्रोग्राफ, म्हणजे वेळेनुसार प्रवाह कसा बदलतो त्याचा आलेख, लागतो. इन्फोड्रेनेज किंवा कॉजवे फ्लो यांपैकी एक सॉफ्टवेअर आधीच हाताळून या.

मात्र गणित हा कामाचा सोपा भाग आहे. खरा प्रश्न ‘हे सांभाळणार कोण?’ हा. स्थानिक परिषद, पाणी कंपनी की रहिवाशांकडून पैसे घेणारी देखभाल कंपनी? शरद ऋतूत पानगळ झाली की रस्त्याकडेच्या रेन गार्डनची (पावसाचं पाणी मुरवणाऱ्या, गाळणाऱ्या खोलगट वाफ्यांची) तोंडं बुजतात आणि पाणी सरळ पुढे वाहून जातं. पाणी वाहून नेणाऱ्या गवताळ चराच्या बाजूंचा उतार १:३ पेक्षा तीव्र ठेवला तर गवत कापायचं यंत्र चालवणं अवघड होतं, मग झुडपं माजतात. कितीही सुंदर आराखडा केला तरी तिथे माणूस आणि यंत्र पोचत नसेल तर काही वर्षांत त्याचं डबकं होतं. मला या कामात सर्वांत जास्त कळकळ याचीच वाटते, आणि नव्या माणसाकडूनही मी हीच जाण अपेक्षितो.

कायदा सगळीकडे एक नाही. पूर आणि जलव्यवस्थापनाचा कायदा २०१० चा, पण त्याचं तिसरं परिशिष्ट वेल्समध्ये ७ जानेवारी २०१९ पासून लागू झालं. तिथे एकापेक्षा जास्त घरं किंवा १०० चौरस मीटर बांधकाम क्षेत्र असलं की ड्रेनेजची वेगळी मंजुरी लागते. इंग्लंडमध्ये हे अजून प्लॅनिंग परमिशनमधूनच, म्हणजे बांधकामाच्या नेहमीच्या परवानगीतूनच चालतं. मोठ्या प्रकल्पांवर स्थानिक पूर प्राधिकरणाचं मत २०१५ पासून घ्यावंच लागतं. त्यांच्या हरकतींना मुद्देसूद लेखी उत्तर देणं हा रोजचा भाग, तेव्हा इंग्रजी अहवाललेखनावर मेहनत घ्या.

व्हिसाचं थोडक्यात. स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल कामगारांच्या व्हिसासाठी जुलै २०२५ पासून सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड आहे. त्या पदाचा ठरलेला दर याहून जास्त असेल तर तो लागतो. तरुण उमेदवारांना काही सवलत मिळते. आकडे बदलत राहतात, अर्ज करताना सरकारी संकेतस्थळच बघा. स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी लागणारं कंपनीचं प्रायोजकत्व) विकणाऱ्या एजंटाला एक पैसाही देऊ नका, तो व्यवहार बेकायदा आहे. चार्टर्ड इंजिनिअर (तिथली वरची व्यावसायिक पात्रता) व्हायचं असेल तर तुमच्या पदवीला एनबीएची, म्हणजे भारतातल्या नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनची, टियर-१ मान्यता होती का, हे आताच तपासा. एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मान्य करणाऱ्या वॉशिंग्टन करारात भारत २०१४ पासून आहे, पण फायदा त्या मान्यतेच्या पदव्यांनाच मिळतो.

तयारीसाठी सिरिया (CIRIA) या ब्रिटनमधल्या बांधकाम-संशोधन संस्थेचं ‘सड्स मॅन्युअल’ (SuDS, म्हणजे सस्टेनेबल ड्रेनेज) घ्या. ते मोफत डाउनलोड होतं. पण नुसतं वाचू नका. एखादा खरा भूखंड निवडा आणि वर सांगितलेल्या क्रमाने पूर्ण अहवाल लिहा, देखभालीच्या तक्त्यासकट. मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल. अर्ज फक्त लंडनला करू नका. वेगळ्या मंजुरीमुळे वेल्समध्ये छोट्या प्रकल्पांनाही सल्लागार लागतो. कार्डिफच्या ग्रेंजटाउन भागात २०१८ मध्ये पूर्ण झालेलं रेन गार्डनचं काम अभ्यासा. तिथलं पावसाचं पाणी पूर्वी पंपाने ८ मैलांहून लांब समुद्राकडे ढकलत, आता ते गाळून जवळच्या टॅफ नदीत सोडतात.