वाचक विचारतात : टोळीतलं जनावर

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, साहसाच्या गोष्टीत नायकांच्या टोळीसोबत जे जनावर असते, कुत्रा म्हणा घोडा म्हणा माकड म्हणा, त्याच्याबद्दल तुमचे काय प्रश्न आहेत. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोजच येऊन राहिले. निवडक प्रश्न घेतो.

भाऊ, मी मोबाईलवर कादंबरी लिहून राहिलो. चार दोस्त गाविलगडाच्या मागं मेळघाटात एक जुनी वाट शोधाले जातात, संग मोती नावाचा कुत्रा हाय. पहिल्या भागात त्याले लय भारी एन्ट्री देली पण पाचव्या भागापर्यंत तो गेला कुठं ते मलेच समजलं नाही. एका दोस्तानं वाचून इचारलं, मोती कुठाय बे? काढून टाकू का त्याले?
— एक वाचक, आर्वी तालुका

भाऊ, काढायच्या आधी एक करून पाहा. जिथं जिथं 'चौघं' लिहिलं आहे तिथं 'पाचही जण' लिहा. चौघं जेवले, तर आता पाचही जण जेवले. चौघांनी नाला ओलांडला, तर पाचही जणांनी ओलांडला. लगेच प्रश्न पडायला लागतात ना, मोतीनं खाल्लं काय, भाकर कोणाच्या वाट्यातून गेली, नाल्याला पाणी होतं तर त्याला उचललं कोणी, आणि ज्यानं उचललं तोच तर नव्हे ज्याला सुरुवातीला कुत्र्याची किळस यायची? हे प्रश्न म्हणजेच तुमची कादंबरी आहे, वाट शोधणं वगैरे ठीक आहे.

एनिड ब्लायटनच्या फेमस फाइव्हची १९४२ ते १९६३ मध्ये २१ पुस्तकं निघाली, त्यात पोरं चारच आहेत. पाचवा टिमी, तो कुत्रा. मालिकेच्या नावातच त्याला मोजून टाकलं त्यामुळे त्याला विसरायची सोयच राहिली नाही.

आता तुमचं मेळघाट. तिथं बिबट आहे, आणि बिबट कुत्रा उचलतो हे जंगलाकाठच्या कोणत्याही गावात विचारा, अंगणातून नेतो. मोती रात्रभर भुंकत होता तोवर चौघं शिव्या देत होते, मग तो एकदम चूप झाला आणि शेपूट पोटात घालून एकाच्या पायात घुसला, बस एवढं लिहा, वाचकाच्या अंगावर काटा येईल, बिबट दाखवायची गरजच नाही. माणसाला जे ऐकू येत नाही, ज्याचा वास येत नाही ते कुत्र्याला समजते पण सांगता येत नाही, या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत लेखकाला खूप काही करता येते.

आणि खरंच पुढं नेणं जमत नसेल तर रीतसर निरोप द्या. टोल्किनच्या लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये नऊ जणांच्या टोळीचं सामान वाहायला बिल नावाचं एक तट्टू असते. मोरियाच्या खाणीच्या दारापाशी येतात तेव्हा त्याला आत नेता येत नाही हे ठरते. टोळीतल्या सॅमचा जीव तुटतो त्याच्यासाठी, जादूगार गँडाल्फ त्याच्यावर रक्षणाचे शब्द म्हणतो, आणि तितक्यात तळ्यातून हल्ला होतो अन् बिल बिथरून पळून जातो. पण टोल्किन त्याला विसरत नाही, पुस्तकाच्या शेवटाकडं तो ब्री गावी सुखरूप पोचलेला दिसतो. एवढ्या मोठ्या युद्धाच्या गोष्टीत एका तट्टाचा हिशोब पुरा केला, मला तर यासाठीच तो लेखक फार मोठा वाटते.

सगळ्या गोष्टीत हिरोपाशी घोडा. आमच्याकडं घोडा फक्त वरातीत दिसते. माह्या गोष्टीतले पोट्टे बैलबंडीनं निघाले तर लोक हसतील का?
— एक शेतकरी वाचक, दारव्हा तालुका

हसणार नाहीत, आणि कोणी हसला तरी तुम्ही लिहाच, कारण जे तुम्हाला बैलाबद्दल माहीत आहे ते घोड्यावर लिहिणाऱ्या दहातल्या नऊ जणांना घोड्याबद्दल माहीत नसते. त्यांचा घोडा दिवसभर पळते, पाणी पीत नाही, शेण करत नाही, रात्री खोडाला बांधला की सकाळी पुन्हा तयार.

बैलाचं तसं नाही. भरल्या बंडीला तासाला तीन-चार किलोमीटर धरा. दारव्ह्यावरून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर, म्हणजे एक अख्खा दिवस तर गेलाच, अन् मधात सोडून पाणी पाजणं, कुटार टाकणं, रवंथ करू देणं हे धरलं तर मुक्कामच पडला समजा. साहसाच्या गोष्टीला हे चांगलंच आहे. मागून चोर मोटरसायकलवर येऊन राहिले आणि यांच्या बैलानं बसकण मारली, आता उठवा त्याला. ज्या पोट्ट्यानं तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचली त्याचं बैलानं ऐकलं नाही आणि ज्यानं मानेवर हात ठेवला त्याच्यासाठी उठला, तर टोळीत कोण कसा आहे हे वाचकाला न सांगता समजलं.

शिवाय बैल वाट ओळखते. बाजारातून येताना धनी बंडीत झोपून जाते आणि बैल बरोबर घरच्या दारात आणून उभी करतात, हे आपल्याकडं म्हाताऱ्या माणसांनी सगळ्यांनी पाहिलेलं आहे. चारही पोट्टे रानात चुकले, रात्र झाली, नकाशा ओला झाला, मोबाईलला रेंज नाही, तर बंडी जुंपून कासरा ढिला सोडून द्या. एवढा भारी प्रसंग घोडेवाल्यांना सुचणार नाही.

आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण काय करतो, खांदे मळून देतो आणि कानापाशी म्हणतो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आवतन कोणाला देतात? घरच्या चाकराला नाही, पाहुण्याला देतात. गोष्टीत ती रात्र येऊ द्या, प्रवासात पोळा येऊ द्या, पोट्ट्यांपाशी हळद नाही तूप नाही पुरणपोळी तर नाहीच, मग त्यांनी काय केलं ते लिहा. मला वाचायला पाठवा नक्की.

काका, छोटा भीममधला जग्गू माकड बोलतो पण बाकी बऱ्याच गोष्टींतले कुत्रे बोलत नाहीत. बोलणारा प्राणी चांगला की न बोलणारा?
— इयत्ता सातवी, मेहकर

बेटा, दोन्ही चांगले, फक्त काम वेगळं. जग्गू बोलतो म्हणून तो ढोलकपूरच्या पोरांतला एक मित्रच झाला, थट्टा करतो, चिडतो. न बोलणाऱ्याचं मन मात्र आपल्याला ओळखावं लागते, त्याचे कान पाहायचे, शेपूट पाहायची, तसं वाचताना आपण त्याच्या जास्त जवळ जातो. तिसरीही एक रीत आहे. स्टार वॉर्स नावाचा सिनेमा आहे १९७७ चा, त्यात च्युबॅका नावाचा केसाळ गडी गुरगुरतो, आपल्याला काहीच समजत नाही पण त्याच्या दोस्ताला सगळं समजते. लेखक-दिग्दर्शक जॉर्ज लुकसचा कुत्रा गाडीत त्याच्या शेजारच्या सीटवर बसायचा, त्याच्यावरून हा सुचला.

पण मला सगळ्यात आवडते ते चीनच्या जुन्या 'पश्चिमेची यात्रा' या कादंबरीतलं. एक भिक्षू धर्मग्रंथ आणायला आपल्या भारताकडं निघतो, सोबत वानर सुन वुकोंग, एक वराह, एक नदीतला राक्षस आणि भिक्षूला पाठीवर वाहणारा पांढरा घोडा. हा घोडा खरा तर ड्रॅगनचा राजपुत्र आहे, पण चूपचाप चालत राहते. मग एकदा वानराला भिक्षूनं हाकलून दिलेलं असते आणि इकडं एक राक्षस मंत्रानं भिक्षूलाच वाघ करून टाकते, वाचवायला कोणी नाही. तेव्हा घोडा ड्रॅगन होऊन लढतो, जखमी होतो आणि वराहाला माणसासारखं बोलून सांगतो, वुकोंगला बोलावून आण. इतका वेळ जो बोलला नाही तो बोलला म्हणजे वेळ किती कठीण असेल! तू गोष्ट लिहिशील तेव्हा हे करून पाहा.

महाभारतात शेवटी युधिष्ठिरासोबत कुत्रा जातो आणि तो धर्म निघतो. नातू म्हणतो, म्हणजे तो कुत्रा नव्हताच, नुसती परीक्षा होती, मग त्यात काय एवढं. मला त्याला उत्तर देता आलं नाही.
— एक आजोबा, तिवसा

आजोबा, नातवाला सांगा की तो धर्म होता हे युधिष्ठिराला कुठं माहीत होतं. त्याच्यासाठी तो रस्त्यानं मागं लागलेला एक कुत्राच होता.

सतरावं पर्व, महाप्रास्थानिक. राज्य सोडून निघाले तेव्हा व्यास मोजून सांगतात, पाच भाऊ, सहावी द्रौपदी आणि सातवा कुत्रा. सातवा! मागं मागं एक कुत्रापण होता असं नाही, मोजणीत धरला आहे. मग एकेक पडत जाते, आधी द्रौपदी, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. उरतात दोघं. इंद्र रथ घेऊन येतो, म्हणतो चल, पण कुत्रा सोड, स्वर्गात कुत्रेवाल्यांना जागा नाही. युधिष्ठिर म्हणतो, जो माझ्या भरवशावर आला त्याला टाकून मला सुख नको.

यातला खरा वाद पुढं आहे आणि कीर्तनातसुद्धा तो फार कमी येते. इंद्र टोचून विचारतो, भावांना सोडलं, बायकोला सोडलं, मग कुत्रा का सोडत नाहीस? युधिष्ठिराचं उत्तर असं की ते मेले होते, त्यांना जिवंत करणं माझ्या हातात नव्हतं, जिवंत असताना मी कोणाला सोडलं नाही, आणि हा जिवंत आहे. एवढं सगळं गमावलेला म्हातारा राजा, स्वर्गाच्या दारात उभा, आणि भांडून राहिला एका कुत्र्यासाठी. हा कुत्रा साऱ्या वाटेत काही चमत्कार करत नाही, वाट दाखवत नाही, फक्त सोबत चालते. मला वाटते म्हणूनच तो इतका खरा आहे.

आणि नातवाला आदिपर्वातलंही सांगा. जनमेजयाच्या यज्ञात एक कुत्र्याचं पिल्लू येते, राजाचे भाऊ त्याला मारतात, ते रडत आईकडं जाते, आई म्हणजे सरमा, देवांची कुत्री. पिल्लू म्हणते मी हवीला, म्हणजे आहुतीच्या पदार्थाला, तोंड लावलं नाही, पाहिलंसुद्धा नाही. सरमा भर यज्ञात जाऊन जाब विचारते, कोणी उत्तर देत नाही, मग ती शाप देते की न दिसणारं भय तुमच्यावर येईल. जनमेजय अर्जुनाचा पणतू. पणजोबाच्या भावानं कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला, आणि त्याच घरातल्या पोरांनी बिनाकसुराचं पिल्लू बडवलं. व्यासांनी एक कुत्रा आरंभाला ठेवला आणि एक शेवटाकडं, तेव्हा नुसती परीक्षा म्हणून हे बाजूला सारता येत नाही.

शेवटी जनावर मारलं की वाचक रडतो. मारू का?
— कुरखेडा

नुसतं रडवायला असेल तर नका मारू. ज्यूल व्हर्नच्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये १८६५ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात पाच माणसं आणि टॉप नावाचा कुत्रा बलूनमधून पळतात आणि बेटावर पडतात. त्यांचा इंजिनिअर समुद्रात वाहून जाते, टॉप त्याच्यामागं उडी घालते आणि पुढं बाकीच्यांना त्याच्यापर्यंत नेते. नंतर जप नावाचा ओरांगउटान त्यांच्यात येतो, घरकाम शिकतो. शेवटी ज्वालामुखीनं बेट फुटते तेव्हा जप मरतो, टॉप वाचतो. व्हर्न जपच्या मरणावर पानं खर्च करत नाही, आणि तरी दुःख होते कारण तो तोवर त्यांच्यात राबला आहे, त्यांच्यात राहिला आहे. तुमच्या जनावरानं तेवढं केलं आहे का ते पाहा.

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या गॅदरिंगला पाच मुलं आणि एक कुत्रा असं नाटक बसवतोय. एका मुलाचा पाळलेला कुत्रा आहे, तोच स्टेजवर आणू का?
— एक शिक्षिका, सिंदेवाही तालुका

मॅडम, नका आणू. कुत्र्याला आपल्यापेक्षा खूप वरचे आवाज ऐकू येतात, माणसाची हद्द २०,००० हर्ट्झच्या आसपास, कुत्र्याची त्याच्या दुपटीहून वर जाते. त्यात साऊंड सिस्टीम, माइकची शिट्टी, समोर गाव बसलेलं. बिचारा भेदरून जाईल, एखाद्या लेकराला चावला तर वेगळीच भानगड.

मुलालाच कुत्रा करा, पण मुखवटा नको, कापसाची शेपूट नको. त्यानं सगळं लोक हसतात आणि शेवटच्या प्रसंगात हसू आवरत नाही. गळ्यात एक घंटी बांधा, बस. तुमच्याकडं झाडीपट्टीचा प्रेक्षक आहे, रात्रभर जागून नाटक पाहणारा, त्याला घंटी पुरते. बाकीच्या पाच पोरांना शिकवा की त्याच्याशी बोलताना नजर खाली, गुडघ्याच्या उंचीवर ठेवायची, खाताना एक घास बाजूला काढायचा, झोपताना त्याला जागा करून द्यायची. कुत्रा होणाऱ्या पोराला पूर्ण नाटक चार पायांवर रांगायला लावू नका, गुडघे सोलतात, उकिडवा बसला तरी चालते. आणि एका प्रवेशात घंटी विंगेत वाजवा, पोरगा स्टेजवर नाही, नुसता आवाज दूर जातो, बाकीचे पाच जण तिकडं पाहतात. त्या प्रवेशाला संगीत लावू नका, माइकवाल्याला आधीच सांगून ठेवा.