ओले ब्रेक, तापलेला रस्ता, पहाटेचा अंधार : शहरात सायकल चालवणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : कोथरूडहून शिवाजीनगरला रोज सायकलने जातो. पाऊस सुरू झाला की ब्रेक दाबूनही सायकल पुढे जात राहते, वर कर्कश आवाज येतो. डिस्क ब्रेकची सायकल घ्यावी का? (पुणे)

उत्तर : आधी रिमला चुंबक लावून पाहा. चिकटला तर रिम पोलादी आहे. जुन्या काळ्या २८ इंची सायकलींना आणि बऱ्याच स्वस्त सायकलींना क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम असते. ती ओली झाली की ब्रेकचं रबर तिच्यावरून नुसतं घसरतं आणि नवीन रबर टाकूनही फारसा फरक पडत नाही. अशी सायकल पावसात हळूच चालवायची, दुसरा इलाज नाही.

चुंबक चिकटला नाही तर रिम अॅल्युमिनियमची. मग मात्र घरी बरंच करता येतं. ब्रेकची रबरं काढून उजेडात धरा. त्यांत चकाकणारे राखाडी कण रुतलेले दिसतील. ते रिमचेच खरवडून निघालेले तुकडे असतात आणि पावसाळ्यात रस्त्यावरची कच त्यांच्यात भर घालते. टोकदार सुईने ते एकेक उपटून काढा, रबराचा गुळगुळीत झालेला पृष्ठभाग पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा घासा. रिम भांड्यांच्या साबणाने धुवा. रबरावरच्या खाचा बुजल्या असतील तर हे सोपस्कार न करता सरळ नवी जोडी आणा.

आवाजाचं कारण बहुतेकदा रबराच्या कोनात असतं. व्हिजिटिंग कार्ड दुमडून रबराच्या मागच्या टोकाखाली धरा, ब्रेक दाबून ठेवा आणि त्याच स्थितीत नट आवळा. कार्ड काढल्यावर रबराचं पुढचं, म्हणजे सायकल जाते त्या दिशेचं टोक किंचित आधी टेकलं पाहिजे.

चालवताना लक्षात ठेवायचं ते हे : ओल्या रिमवरचं पाणी पुसण्यातच चाकाचे पहिले काही फेरे खर्च होतात. म्हणून थांबायच्या बरंच आधी दोन्ही ब्रेक हलके टेकवा, पाणी निघालं की जोर द्या. वेग वळणाआधीच कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. पहिल्या एक-दोन सरींत रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, तेव्हा रस्ता सर्वांत निसरडा. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, शेवाळलेले पेव्हर ब्लॉक यांवरून हँडल सरळ ठेवून जा.

डिस्क ब्रेक पावसात नक्कीच चांगले. पण चेनवर तेल फवारताना थोडं जरी चकतीवर उडालं तरी पॅड तेल पितात आणि बहुतेक वेळा बदलावेच लागतात. आहे ती अॅल्युमिनियमची रिम असेल तर केवळ पावसासाठी नवी सायकल घ्यायची गरज नाही.

प्रश्न : घर ते स्टेशन चार किलोमीटर. रेनकोट घातला तरी आतून घामाने भिजते. शिवाय रस्त्यात पाणी साचतं. (डोंबिवली)

उत्तर : आपल्याकडच्या पावसात हवा गरम आणि दमट असते, घाम वाळायला जागाच नाही. महागड्या कोटानेही तुम्ही कोरड्या राहणार नाही. तेव्हा भिजायचं ठरवूनच निघा. अंगावर पटकन वाळणारा पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि थ्री-फोर्थ, पायांत टाचेला पट्टा असलेले सँडल. ऑफिसचे कपडे आणि छोटा टॉवेल जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड दोनदा दुमडून, मग सॅकमध्ये. जीन्स नको, ती दिवसभर वाळत नाही. वाऱ्यात फुगणारा पाँचो आणि लांब रेनकोटही नको, त्याचं टोक चेनमध्ये किंवा मागच्या चाकात अडकतं. हेल्मेटखाली पुढे झाप असलेली पातळ टोपी घातली तर डोळ्यांत पाणी जात नाही.

मडगार्ड पूर्ण लांबीचे बसवा. पुढच्याला खाली रबरी झडप हवीच, नाहीतर सगळा चिखल तुमच्या पावलांवर आणि चेनवर येतो.

साचलेलं पाणी चाकाच्या हबपर्यंत, म्हणजे मधल्या तुंब्यापर्यंत, पोचत असेल तर उतरून दुसरा रस्ता धरा. हबमध्ये पाणी शिरलं की बेअरिंगचं ग्रीस धुऊन जातं. त्याहून वाईट म्हणजे गढूळ पाण्याखालचं उघडं मॅनहोल दिसत नाही. पायाला ओरखडा असताना अशा पाण्यातून जावंच लागलं तर घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. लेप्टोस्पायरोसिसची प्रतिबंधक गोळी द्यायची का, हे ते ठरवतील.

प्रश्न : पावसाळ्यात चेन दर आठवड्याला गंजते. इंजिन ऑइल घातलं तर चालेल? (कोल्हापूर)

उत्तर : गंज थांबेल, पण दाट ऑइलला कच चिकटते आणि चेन आतून घासली जाते. गंज सोडवायचा स्प्रेही नको, तो टिकत नाही आणि आतलं वंगण घेऊन जातो. सायकलच्या दुकानात ओल्या हवामानासाठीचं चेन ल्यूब मिळतं, ते आणा. चेन फडक्याने पुसून कोरडी करा, प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एकच थेंब टाका, पायडल उलटं फिरवा. पाच-दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. काम आत शिरलेल्या तेलाचं असतं, बाहेरचं फक्त माती गोळा करतं. जोराच्या पावसात भिजल्यावर दर वेळी हे करा.

पावसाळा संपला की पोलादी पट्टीने चेन मोजा. शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा, चोविसावी पुढची पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. १/८ इंच गेली असेल तर मागचं फ्रीव्हीलही झिजलेलं असणार. नवी चेन त्याच्या दात्यांवरून उडते.

प्रश्न : मे महिन्यात सायकल चालवणं मूर्खपणा आहे का? ड्युटी नऊ ते पाच. (नागपूर)

उत्तर : सकाळी नाही. पाचला परतताना मात्र जपा, पारा ४५ अंशांकडे गेलेल्या दिवशी त्या वेळीही रस्ता भट्टीसारखा असतो. जमलं तर सहा-साडेसहाला निघा.

डोंबिवलीला जे सांगितलं त्याच्या उलट इथे. विदर्भाची हवा कोरडी, म्हणून सुती कपडे चांगले : सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि मानेभोवती ओला दुपट्टा. तो वाळताना मान गार ठेवतो. त्याची टोकं शर्टात खोचा, चाकाकडे लोंबता कामा नयेत. हेल्मेट मात्र काढायचं नाही, आत पातळ सुती टोपी घाला.

निघण्याआधी दोन ग्लास पाणी, बरोबर ७०० मिलीची बाटली. तासाभराहून जास्त चालवणार असाल तर ओआरएस. मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यातच घालायचं, ग्लासात अर्धं पाकीट हा प्रकार धोक्याचा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

गरगरलं, मळमळलं, पायात गोळे आले तर सावलीत थांबा आणि कपडे ओले करा. कोणी असंबद्ध बोलू लागलं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा : १०८ ला फोन करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : उन्हात लावलेल्या सायकलचा टायर हवा वाढून फुटतो का? (जळगाव)

उत्तर : सहसा नाही. ६० पीएसआय हवा असलेली ट्यूब २० अंशांनी तापली तर दाब साधारण पाचनेच वाढतो. उन्हाने जुन्या पंक्चरच्या ठिगळाचा सोल्युशन मऊ होऊन ते सुटतं, आणि लोक म्हणतात ट्यूब फुटली.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला निघते. थंडी, धुकं, अंधार. काय काय घ्यावं? (नाशिक)

उत्तर : कपडे असे घाला की पहिली दहा मिनिटं जरा गारच वाटेल. निघतानाच ऊब असेल तर पुढे घामेजून हुडहुडी भरते. टी-शर्टवर पातळ विंडचीटर, हातमोजे, कानांवर पट्टी, पुरे.

दिव्यांवर कंजूषी नको. पुढचा पांढरा दिवा स्थिर ठेवा आणि थोडा खाली झुकवा, झोत पाच-सात मीटरवर पडला पाहिजे. सरळ रोखला तर धुक्यात तुमच्याच डोळ्यांवर येतो. मागचा लाल दिवाही स्थिर हवा. नुसता लुकलुकणारा असला की मागच्या चालकाला अंतराचा अंदाज येत नाही. घोट्याला चमकणारी पट्टी बांधा : वर-खाली हलणारं काहीतरी दिसलं की सायकल आहे हे लांबूनच कळतं.

उभ्या गाड्यांपासून मीटरभर अंतर ठेवा, अंधारात दार कधी उघडेल सांगता येत नाही. आणि थांब्यावरच्या बसच्या डावीकडून कधीही घुसू नका.