पेन्सिलने खूण केलेली आठवी नोंद

प्रश्न : माझी मुलगी गंगापूर रोडवरील महाविद्यालयात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला इंटेलिजन्स ब्युरोत जायचे होते. परंतु हे खाते संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले नसल्यामुळे घटनाबाह्य आहे, असे ऐकल्यापासून ती अर्ज भरायला तयार नाही. तिला काय सांगावे?
— एक पालक, नाशिकरोड

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण पाठवलेल्या झेरॉक्सवर राज्यघटनेच्या संघसूचीतील, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीतील, आठव्या नोंदीखाली पेन्सिलची रेघ असून समासात प्रश्नचिन्ह आहे. ते अगदी योग्य जागी पडले आहे. ही नोंद केंद्रीय गुप्तवार्ता व अन्वेषण विभागाविषयी असली, तरी ती खाते निर्माण करीत नाही, त्या विषयावर कायदा करण्याचा अधिकार संसदेला देते. आणि आयबीची, म्हणजे इंटेलिजन्स ब्युरोची, स्थापना करणारा कायदा संसदेने आजवर केलेला नाही. आयबीची मुळे १८८७ सालच्या ब्रिटिश व्यवस्थेत आहेत. परदेशांतील गुप्तवार्ता मिळवणारी रॉ ही संस्था १९६८ मध्ये सरकारी आदेशानेच उभी राहिली.

एवढ्यावरून मात्र ही खाती घटनाबाह्य ठरत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. अनुच्छेद ७३ नुसार ज्या विषयावर संसद कायदा करू शकते, तिथपर्यंत केंद्राचा कार्यकारी अधिकारही पोहोचतो, आणि प्रत्येक शासकीय कामाआधी कायदा असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये राम जवाया कपूर खटल्यात सांगितले. पुढे १९८४ च्या ५० व्या घटनादुरुस्तीने सशस्त्र दले आदींच्या मूलभूत हक्कांवर निर्बंध घालण्याची मुभा संसदेला देणाऱ्या अनुच्छेद ३३ मध्ये गुप्तवार्ता संघटनांचा उल्लेखच आला.

पेच आहे तो कामकाजाच्या रीतीचा. आपल्या त्र्यंबक रोडवरील पोलीस अकादमीतून बाहेर पडणारा उपनिरीक्षक कायद्याच्या आधारे अटक करू शकतो. आयबीच्या अधिकाऱ्याला तो अधिकार नाही. नागरिकाचा फोन ऐकायचा, तर नुसता आदेश पुरत नाही, कायद्याचा आधार लागतो. १९९६ च्या फोन टॅपिंगवरील निकालाने त्यासाठी कार्यपद्धती घालून दिली आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. ब्रिटनने एमआय फाइव्ह या आपल्या देशांतर्गत गुप्तचर संस्थेला १९८९ मध्ये कायद्याची चौकट दिली. तशी चौकट आणि संसदेची देखरेख आपल्याकडेही यायला हवी, असे मला मनापासून वाटते, आणि असे वाटणाऱ्या मुलीने या खात्यात जाऊ नये, हे मला मुळीच पटत नाही.

अर्ज भरण्यापूर्वी तिने गुप्तवार्ता संघटनांतील कर्मचाऱ्यांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा १९८५ चा कायदा अवश्य वाचावा, कारण तो थेट तिलाच लागू होणार आहे. कामगार संघटनेत जाता येणार नाही, परवानगीवाचून वृत्तपत्रांशी बोलता येणार नाही. ती कविता लिहिते, असे आपण कळवले आहे. पुस्तक वा अन्य लेखन प्रसिद्ध करायलाही त्या कायद्यानुसार संघटनेच्या प्रमुखाची पूर्वपरवानगी लागते, एवढी कल्पना तिला जरूर द्यावी.

आयबीतील सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी या पदाला कोणत्याही शाखेची पदवी चालते. वस्तुनिष्ठ पेपरनंतर वर्णनात्मक लेखन आणि मुलाखत असते. शेवटच्या वर्षाचा निकाल लागेपर्यंतचे महिने तिने त्या लेखनाच्या सरावाला द्यावेत, आणि पहिला निबंध या आठव्या नोंदीवरच लिहून मला पाठवावा.