निलंबित, बडतर्फ आणि ‘कंट्रोलला जमा’: पोलीसखात्यातल्या शब्दांची खिचडी

प्रश्न थोडक्यात असा होता की एका लोकल न्यूज पोर्टलला बातम्या लिहिणाऱ्या मित्राला त्याचा एडिटर सांगतोय, “निलंबित काय नि बडतर्फ काय, एकच. हेडलाइनमध्ये जो बसेल तो टाक.” त्याला विचारायचंय की हे खरंच एकच आहे का, ‘विभागीय चौकशी’ बरोबर की ‘खातेनिहाय’, ‘पोलिसांचं मनोधैर्य खच्ची होतं’ या वाक्यात खच्ची म्हणजे नक्की काय, आणि शेवटी ‘पोलिस’ लिहायचं की ‘पोलीस’.

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यात उद्या कोणीतरी नोटीस पाठवू शकतं. एकच नाही. अजिबात नाही. निलंबित माणूस नोकरीत असतो, बडतर्फ माणूस नोकरीत नसतो. इतका सरळ फरक आहे आणि तरी रोज गल्लत होते.

निलंबन हा लंब, विलंब, अवलंबून यांच्या घरातला शब्द, म्हणजे लटकणं. आणि अर्थ अगदी तोच आहे, माणूस लटकवून ठेवलाय, ना आत ना बाहेर. ऑर्डर वाचलीत तर कळेल, त्यात साधारण असं असतं की अमुक यांना निलंबित करण्यात येत आहे, निलंबन काळात त्यांचं मुख्यालय अमुक राहील आणि परवानगीशिवाय ते मुख्यालय सोडता येणार नाही. आता नोकरीच गेली असती तर मुख्यालय कशाला सोडायचं नि धरायचं? शिवाय पैसेही मिळतात, पगार नाही, त्याला निर्वाह भत्ता म्हणतात, तो सुरुवातीला साधारण अर्ध्या पगाराइतका असतो, तीन महिन्यांनंतर वाढवता येतो किंवा लांबण्याला तो स्वतःच कारणीभूत असेल तर कमीही करता येतो. आणि तो घ्यायचा तर ‘मी दुसरीकडे कुठे नोकरी-धंदा करत नाही’ असं लिहून द्यावं लागतं. म्हणजे कामावर यायचं नाही आणि दुसरं काम करायचंही नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला फार आवडते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, म्हणजे जुना 1951 चा मुंबई पोलीस अधिनियम, त्याच्या कलम 25 मध्ये पोलीस निरीक्षक आणि त्याखालच्यांना द्यायच्या शिक्षांची यादी आहे आणि त्या यादीत निलंबन चक्क शिक्षा म्हणून आहे. पण लगेच पुढे खुलासा आहे की चौकशी चालू असताना केलेलं निलंबन ही शिक्षा समजायची नाही. आपण बातमीत वाचतो ती जवळजवळ सगळी निलंबनं या दुसऱ्या प्रकारची. त्यामुळे ‘निलंबनाची कारवाई करून शिक्षा दिली’ असं लिहिलंत तर ते चूक, अजून चौकशीच व्हायचीय, शिक्षा कुठली. लोकांना मात्र वाटतं झालं, न्याय झाला, आणि तिकडे फाइल नुकती उघडलेली असते.

बडतर्फ फारसीतून आलाय. मूळ बरतरफ, बर म्हणजे वर आणि तरफ म्हणजे बाजू, ‘बाजूला केलेला’. आपल्या ‘च्या तर्फे’ मध्ये आणि ‘तरफदारी’त तीच तरफ आहे. बर चं बड आपण केलं, त्यामुळे काहींना त्यात ‘बडा’ दिसतो, तसं काही नाही. आणि कृपा करून हिंदीवरून उचलून ‘अधिकाऱ्याला बरखास्त केलं’ लिहू नका. मराठीत विधानसभा बरखास्त होते, समिती बरखास्त होते, माणूस बडतर्फ होतो.

आता बडतर्फ आणि ‘सेवेतून काढून टाकणं’ यातही फरक आहे बरं का, हा तर भल्याभल्यांना माहीत नसतो. त्याच कलम 25 प्रमाणे काढून टाकलेल्या पोलिसाला पोलीसखातं सोडून सरकारच्या दुसऱ्या खात्यात नोकरीला अडकाठी नाही, बडतर्फ झालेल्याला सरकारी नोकरीचं दारच बंद. म्हणजे वरवर दोन्ही घरीच बसले, पण एकाच्या कपाळावर शिक्का आहे. सक्तीची निवृत्ती हा आणखी तिसरा प्रकार, तीही शिक्षाच.

उदाहरण म्हणून मुंबई पोलिसांतले अधिकारी सचिन वाझे यांचंच बघा ना, एकाच माणसाच्या नोकरीत सगळे शब्द येऊन गेले. ख्वाजा युनूसच्या कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात 2004 ला निलंबित. मध्ये राजीनामा दिला, तो मंजूर झाला नाही. जून 2020 मध्ये परत सेवेत घेतले गेले. म्हणजे सोळा वर्षं हा माणूस कागदावर पोलीसच होता, लटकलेला. मग मार्च 2021 मध्ये अंबानींच्या घराबाहेरच्या स्फोटकांच्या गाडीच्या प्रकरणात एनआयएने, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेने, अटक केली, पुन्हा निलंबित, आणि मे 2021 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी थेट बडतर्फ केलं. तेही खात्याची चौकशी न करता, कारण संविधानाच्या कलम 311 मध्ये चौकशीशिवाय बडतर्फ करायचं नाही असा नियम आहे पण चौकशी करणं व्यवहार्यच नाही असं कारण लेखी नोंदवलं तर त्यातून सूट आहे, ती वापरली. पहिल्यांदा सोळा वर्षं, दुसऱ्यांदा दोन महिने. जो एडिटर म्हणतो निलंबित-बडतर्फ एकच, त्याला एवढं ऐकवा.

या दोन्हींच्या खाली एक तिसरी गोष्ट आहे जी कुठल्याच शिक्षेच्या यादीत नाही आणि बातम्यांत सगळ्यात जास्त तीच असते. ‘नियंत्रण कक्षाशी संलग्न’. खात्यातली माणसं म्हणतात ‘कंट्रोलला जमा केलं’, जिल्ह्यात म्हणतात ‘हेडक्वार्टरला जमा’. जमा हा शब्द इथे काय चपखल बसलाय बघा, जप्त केलेला मुद्देमाल जमा करतात तसा साहेब जमा. पोलीस स्टेशन गेलं, हद्द गेली, ड्युटी नावाला. पण पगार पूर्ण, रँक तीच, सर्व्हिस बुकात शिक्षेची नोंद नाही. कागदोपत्री ती फक्त प्रशासकीय कारणास्तव बदली. पेपरवाले याला ‘तडकाफडकी उचलबांगडी’ म्हणतात. उचलबांगडी म्हणजे मुळात माणसाला हातपाय धरून उचलून नेणं, त्यामुळे शब्द म्हणून झकास आहे, पण त्याने वाचकाला वाटतं मोठीच कारवाई झाली. काही महिन्यांनी तेच साहेब दुसऱ्या पोलीस स्टेशनला इनचार्ज म्हणून दिसतात तेव्हा लोक म्हणतात अरे सुटला कसा, तर बाबांनो तो अडकलाच नव्हता.

आता चौकशी. ‘खातेनिहाय चौकशी’ हा शब्द इतका रुळलाय की आता तो चूक म्हणण्यात अर्थ नाही, पण जरा विचार करा. जिल्हानिहाय आकडेवारी म्हणजे जिल्ह्या-जिल्ह्याप्रमाणे. गावनिहाय यादी म्हणजे गावाप्रमाणे. त्या हिशोबाने खातेनिहाय चौकशी म्हणजे एकेका खात्याची वेगवेगळी चौकशी झाली पाहिजे! म्हणायचंय ‘खात्याने आपल्याच माणसाची केलेली’. ‘विभागीय’ सरकारी पुस्तकांतला अधिकृत शब्द आहे पण त्यालाही विभागीय आयुक्तांमुळे दुसरा अर्थ चिकटलाय, कोकण विभाग, पुणे विभाग वगैरे. मला विचाराल तर ‘खात्यांतर्गत चौकशी’ सगळ्यात स्वच्छ. पोलीस स्वतः यातलं काहीच बोलत नाहीत, ते म्हणतात ‘डीई लागली’, डीई म्हणजे डिपार्टमेंटल एन्क्वायरी. पनवती लागावी तशी ती लागते आणि वर्षानुवर्षं सुटत नाही, प्रमोशन अडतं, रिटायर झाला तरी ती मागे येते.

डीईच्या आधी प्राथमिक चौकशी होते, ती फक्त आरोपात दम आहे का ते बघायला. मग दोषारोपपत्र देतात, इथे पण घोळ, कारण कोर्टात आरोपीविरुद्ध दाखल होतं त्यालाही दोषारोपपत्रच म्हणतात, त्यामुळे ‘निरीक्षकावर दोषारोपपत्र’ एवढंच लिहिलंत तर वाचकाला कळणार नाही की गुन्ह्याचं की खात्याचं. आणि दोन्हीकडची पुराव्याची पट्टी वेगळी असते, कोर्टात वाजवी शंकेच्या पलीकडे सिद्ध व्हावं लागतं, खात्याच्या चौकशीत ‘बहुधा असंच झालं असावं’ इतपत पुरतं. म्हणून कोर्टातून सुटलेला माणूस खात्यात दोषी ठरू शकतो, त्यात काही विरोधाभास नाही.

ज्याची चौकशी चाललीय त्याला सरकारी मराठीत काय म्हणतात माहितीय? अपचारी. अपचारी कर्मचारी. अपचार म्हणजे गैरवागणूक, म्हणजे आरोप सिद्ध व्हायच्या आधीच नावातच दोष चिकटवून टाकलाय. कोर्टात निदान ‘आरोपी’ म्हणतात, ज्याच्यावर आरोप आहे तो. माझ्या मते हा शब्द बदलायला हवा, पण कोण ऐकतंय. गैरवर्तणुकीबद्दल एकच सांगतो, बातमीत ‘पोलिसाचं गैरवर्तन’ म्हटलं की वाचक छेडछाड नाहीतर दारू पिऊन धिंगाणा समजतो, सेवा नियमांत मात्र पैसे खाणं, तपासात मुद्दाम ढिलाई, खोटी नोंद, तक्रार न घेणं, सगळं गैरवर्तणुकीतच येतं. तेव्हा ते नेमकं काय होतं ते लिहा.

शेवट कसा होतो तोही बघा. ‘क्लीन चिट मिळाली’ हा पेपरचा लाडका शब्द. पण कागदावर ‘आरोप सिद्ध होत नाहीत’ हे एक, आणि ‘प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे’ हे वेगळं. नस्ती म्हणजे फाइल, नस्तीबद्ध म्हणजे फाइल बांधून ठेवली, दप्तरी दाखल. त्यात माणूस निर्दोष आहे असं कोणी म्हटलेलं नसतं, फक्त पुढे जायचं नाही असं ठरलेलं असतं. मुंबईचे माजी आयुक्त परमबीर सिंह यांचं बघा, डिसेंबर 2021 ला निलंबित झाले, मे 2023 मध्ये सरकारने आरोप मागे घेतले, निलंबनही मागे घेतलं आणि तो सगळा काळ ते कर्तव्यावर होते असं धरायचं ठरलं. मधे राज्यातलं सरकार बदललं होतं. याला तुम्ही ‘चौकशीत निर्दोष’ लिहाल का? ‘आरोप मागे’ लिहा, तेच खरं आहे.

आता तो खच्चीचा भाग. खच्ची हा गोठ्यातला शब्द आहे. बैल खच्ची करतात, म्हणजे गोऱ्हा बडवतात, त्याचं नरपण काढून घेतात म्हणजे तो औताला निमूट चालतो. तर ‘मनोधैर्याचं खच्चीकरण’ म्हणजे शब्दशः काय होतं ते तुम्हीच चित्र डोळ्यापुढे आणा, प्रेस कॉन्फरन्समध्ये एवढ्या गंभीर चेहऱ्याने बोलतात, मला हसू आवरत नाही. मनोबल आणि मनोधैर्य यात रोजच्या वापरात फरक राहिलेला नाही, पण बारकाईने बघायचं तर धैर्य संकटासमोर लागतं, दंगलीत दगड पडत असताना लागतं ते मनोधैर्य. रोज सकाळी उठून ड्युटीवर जावंसं वाटणं, वरचा साहेब न्यायाने वागेल अशी खात्री असणं, ते मनोबल. चौकशीने खचत असेल तर ते हे दुसरं, पण आपल्याकडे मनोधैर्यच म्हणतात कारण ते ऐकायला वीरश्रीचं वाटतं.

आणि गंमत अशी की हे वाक्य येतं कधी? कोठडीत कोणी मेला आणि चौकशीची मागणी झाली, की लगेच ‘अशाने पोलिसांचं मनोधैर्य खच्ची होईल’. आमच्या ओळखीत एक रिटायर्ड हवालदार काका आहेत, त्यांना मी हे विचारलं तर म्हणाले, “अरे चौकशीनं कोण खचतं? सरळ माणसाला चौकशीची भीती नसते. आमच्यात एकजण हप्त्यांचं कलेक्शन करायचा, सगळ्या स्टेशनाला माहीत, त्याला कधी काही झालं नाही, आणि मला परेडला दहा मिनिटं उशीर झाला म्हणून कसुरी रिपोर्ट. खचायला होतं ते तेव्हा.” कसुरी रिपोर्ट म्हणजे बारीकसारीक चुकीचा अहवाल, ‘कर्तव्यात कसूर’ मधलीच ती कसूर.

इथेच मला मराठीतली एक जोडी फार कामाची वाटते. पाठीशी उभं राहणं आणि पाठीशी घालणं. ‘आम्ही पोलिसांच्या पाठीशी आहोत’ आणि ‘कोणालाही पाठीशी घातलं जाणार नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच मंत्र्याच्या एकाच बाइटमध्ये येतात. पाठीशी उभा राहणारा मागून आधार देतो, पुढचा माणूस सगळ्यांना दिसत असतो. पाठीशी घालणारा मात्र स्वतः पुढे येतो आणि त्याला मागे लपवतो. एका क्रियापदाने अख्खा अर्थ फिरतो. मनोधैर्याच्या नावाखाली बहुतेक वेळा हे दुसरं चाललेलं असतं, असं माझं मत, पटत नसेल तर सोडून द्या.

राहिलं शुद्धलेखन. मूळ शब्द पोलीस, ली दीर्घ. प्रत्यय लागला की ऱ्हस्व, म्हणजे पोलिसांनी, पोलिसाला, पोलिसांचा. जसं जमीन-जमिनीत, बहीण-बहिणीला. त्यामुळे ‘पोलीसांनी निलंबित केले’ हे चूक, ‘पोलीस निलंबित’ बरोबर. सामासिक शब्दांत पोलीसखातं, पोलीसपाटील दीर्घच राहतं.