मोजक्या पैशांत बीफ कसे घ्यावे आणि घरात कसे पुरवावे?

तुम्ही लिहिले आहे की कुर्ल्यातल्या तुमच्या घरात पाच माणसे आहेत, मांसासाठी महिन्याला 2000 रुपयांहून अधिक निघत नाहीत, पूर्वी आठवड्यातून दोनदा होणारे बीफ आता एकदाच होते, आणि सासऱ्यांचे दात गेल्यामुळे त्यांना तेही नीट चावत नाही. मी मरोळच्या गावठाणातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी ख्रिस्ती, कुटुंबातली आहे आणि गेली 22 वर्षे घरचे मांस मीच आणते आणि मीच शिजवते. मधली 3 वर्षे आमच्याकडे एकच पगार येत होता. त्या काळात मी आणलेले मांस, त्यातून निघालेले हाड आणि त्यात झालेली जेवणे यांची वही ठेवली होती. दुकानातल्या किलोच्या भावावर विसंबले की पैसे हमखास जास्त जातात, आणि मोजायचा भाव तो ताटात पडणाऱ्या मांसाचा, हे मला त्या वहीने शिकवले.

आधी मांसाविषयी थोडे सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर बंदी जुनीच होती. मार्च 2015 पासून वळू आणि बैल यांच्या कत्तलीवरही ती आली. त्यामुळे मुंबईच्या परवानाधारक दुकानांत बीफ म्हणून जे मिळते ते म्हशीचे किंवा रेड्याचे मांस असते. हे मांस गडद लाल, कमी चरबीचे आणि जाड धाग्याचे असते, आणि त्याची चरबी पांढरी असून थंड होताच घट्ट होते. परदेशी पाककृतींमधले बीफ बहुधा चरबीदार असते, म्हणून त्यांतली वेळ आणि आच आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाही. तसे केल्यास मांस कोरडे पडते, आणि मग महागडा भाग आणायला हवा होता असे वाटू लागते. बहुतेक वेळा चूक भागाची नसते, शिजवण्याची असते.

आता हिशेब. समजा हाडासकट मांस 260 रुपये किलो आहे आणि बिनहाडाचे 340 रुपये. पहिले स्वस्त दिसते. परंतु एका किलोत 300 ग्रॅम हाड निघाले, तर उरलेले 700 ग्रॅम मांस तुम्हाला सुमारे 371 रुपये किलोने पडले. हाड 150 ग्रॅमच असेल, तर तेच मांस 306 रुपयांना पडते. या दोन भावांत किलोमागे साधारण 235 ग्रॅमपेक्षा जास्त हाड आले की बिनहाडाचेच परवडते. तुमच्या दुकानातले भाव वेगळे असतील, पण रीत हीच. दोन-तीन वेळा घरी आणलेले हाड वेगळे करून काट्यावर ठेवा, म्हणजे तुमचा दुकानदार सरासरी किती हाड घालतो ते कळेल. शिवाय वजन साफ करण्यापूर्वी होते की नंतर, हेही विचारून घ्या. वजनानंतर चरबी आणि पापुद्रे काढून टाकले, तर त्यांचे पैसे तुम्ही दिलेलेच असतात. अशा वेळी ती चरबी घरी मागून घ्यावी आणि मंद आचेवर वितळवून बरणीत भरावी. बटाटे परतायला किंवा कांदा भाजायला ती चमचाभर पुरते. ती रोज मात्र वापरू नये.

कोणता भाग घ्यावा, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. मुंबईत ज्याला अंडरकट म्हणतात तो कमरेच्या आतला भाग सर्वांत मऊ आणि सर्वांत महाग असतो. रस्सा, खिमा किंवा कटलेट करायचे असेल तर त्यावर पैसे घालण्यात काहीच अर्थ नाही. जनावराचे जे स्नायू फार राबतात, म्हणजे मान, खांदा, छाती आणि पायाचा खालचा भाग, ते चिवट असतात आणि म्हणून स्वस्त मिळतात. मात्र त्यांच्यातले पांढरे, चिकट धागे पाण्यात बराच वेळ मंद शिजले की विरघळून रश्श्याला दाटपणा देतात, आणि तो दाटपणा अंडरकट कधीच देऊ शकत नाही. आमच्या घरी रविवारच्या रश्श्यासाठी मी गेली कित्येक वर्षे खांदा किंवा पायाचे मांसच आणते. सणावाराला पातळ काप तळायचे असतील तर मांडीचा अखंड तुकडा घेऊन धाग्याच्या आडवा कापते आणि लाकडी दांडक्याने हलके ठोकते. आडव्या कापाने धागे आखूड होतात आणि निम्मा चिवटपणा तिथेच संपतो, म्हणून दुकानात तुकडे करून घेण्यापेक्षा हे काम घरी करणे मला पटते.

खिमा तयार ठेवलेला घेऊ नका. आधी तुकडा निवडा, त्यावरची जादा चरबी आणि चिवट पापुद्रे काढून घ्या आणि मग तो तुमच्यासमोर दळून मागा. तयार खिम्यात काय गेले आहे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि दळल्यावर मांसाचा पृष्ठभाग वाढत असल्यामुळे तो लवकर खराबही होतो. घरी आणलेला खिमा त्याच दिवशी शिजवावा किंवा लगेच फ्रीजरमध्ये घालावा, आणि शिजवताना आतपर्यंत लाली राहू देऊ नये.

वेळेची निवडही पैशाशी जोडलेली आहे. संध्याकाळी उरलेले मांस थोडे कमी भावात मिळते, हे खरे. एकदा मे महिन्यात मी अशा बचतीच्या मोहात दीड किलो घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वास आला आणि सगळे फेकावे लागले. त्या महिन्यात आमच्याकडे पुन्हा बीफ झाले नाही आणि मुलांना ते समजावून सांगताना मला फार वाईट वाटले. मुंबईच्या उकाड्यात आणि दमटपणात दिवसभर टांगलेले मांस कमी भावातही महागच पडते. सकाळी लवकर जा, मांस खरेदीच्या शेवटी घ्या आणि थेट घरी या. भाव कमी करून हवा असेल तर त्याचा भरवशाचा मार्ग वेगळा आहे: शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून मांडीचा किंवा खांद्याचा चार-पाच किलोंचा मोठा भाग एकत्र घ्यावा आणि घरी वाटून घ्यावा. ठरलेल्या वारी ठरलेल्या दुकानातून मोठी खरेदी करणाऱ्या गिऱ्हाईकाला दुकानदार भावही नीट लावतो आणि तुकडाही चांगला काढतो. महावीर जयंती आणि गांधी जयंतीसारख्या दिवशी कत्तलखाना बंद असतो, तेव्हा ठरलेला वार त्यानुसार एक दिवस अलीकडे घ्यावा.

यापुढची गोष्ट मला फार उशिरा कळली. कत्तलीनंतर काही तासांत मांसाचे स्नायू आखडतात आणि नंतर हळूहळू सैल पडतात. आपल्याकडे मांस त्याच सकाळी विकले जाते, म्हणजे आपण ते नेमके आखडण्याच्या काळात घरी आणतो आणि लगेच कुकरला लावतो किंवा फ्रीजरमध्ये टाकतो. त्याऐवजी ते झाकून फ्रीजच्या सर्वांत थंड कप्प्यात एक पूर्ण दिवस ठेवावे आणि मग शिजवावे किंवा गोठवावे. या एका बदलाने स्वस्त भाग शिजण्याचा वेळ आमच्याकडे स्पष्टपणे कमी झाला आणि गॅसही वाचला. शिजवण्याच्या आदल्या रात्री मीठ लावून ठेवले तर मांसातले पाणीही धरून राहते. कच्च्या पपईचा गर किलोला एक मोठा चमचा आणि तासभर, एवढाच वापरावा. तो रात्रभर ठेवल्यास वरचा थर लगदा होतो आणि आतला भाग तसाच चिवट राहतो.

गोठवताना एका जेवणाचे मांस एका पिशवीत, चपटे पसरवून आणि हवा काढून भरावे, त्यावर तारीख लिहावी. वितळवायचे ते रात्रभर खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही. एका दाराच्या जुन्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा पुरेसा थंड होत नाही, म्हणून अशा फ्रीजमध्ये दोन आठवड्यांपेक्षा जास्त साठा करू नये.

आता पुरवण्याविषयी. बिनहाडाच्या 1 किलो कच्च्या मांसात साधारण 200 ग्रॅम प्रथिने असतात. पाच माणसांना एका जेवणाला अर्धा किलो मांस घेतले तर प्रत्येकाला 100 ग्रॅम मांसातून सुमारे 20 ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि तेवढी एका जेवणाला पुरेशी आहेत. पण अर्धा किलो मांस शिजून आकसते आणि पातेल्यात एवढेसे दिसते, म्हणून त्याला जोड लागते. माझी आई लोणवासात, म्हणजे आमच्याकडच्या मांसाच्या रश्श्यात, दुधीचे मोठे तुकडे घालायची. दुधी रस्सा शोषून घेतो आणि बॉटल मसाल्याची (आमच्याकडे बाटल्यांत भरून ठेवतात त्या मसाल्याची) चव त्याला मांसाइतकीच लागते. खिम्यात भिजवलेली चणाडाळ घालून वाटले की पाव किलो खिम्यात पाच जणांचे कबाब होतात, आणि डाळीची प्रथिने वर मिळतात. उकडलेल्या बटाट्याच्या पारीत थोडा खिमा भरून केलेले पोटॅटो चॉप तर मुले स्वतःहून मागतात. भाजी आणि डाळ मांसाच्या रसातच शिजली पाहिजे, नंतर वरून घालून चालत नाही, एवढे पथ्य पाळले तर कोणाला कमी पडल्यासारखे वाटत नाही.

हाडे वेगळी विकत मिळतात आणि ती फार स्वस्त असतात. ती फोडून घ्या, मिरी, आले आणि कांदा घालून कुकरमध्ये तासभर शिजवा, गाळून थंड करा आणि वर आलेला चरबीचा थर काढून टाका. त्या पाण्यात भात किंवा मसूर शिजवला तर मांस नसलेल्या दिवशीही मांसाची चव येते. मात्र या सूपाने हाडे मजबूत होतात असे जे सर्रास सांगितले जाते त्यावर विसंबून मुलांचे दूध कमी करू नका. सूपात कॅल्शियम फारच थोडे उतरते, आणि त्यातले जिलेटिन हे अपुरे प्रथिन आहे. चवीसाठी ते उत्तम आहे, पोषणासाठी मांस, डाळ, अंडी आणि दूध हवेच.

कलेजी हा माझ्या मते सर्वांत उपेक्षित भाग आहे. लोह, बी-12 आणि अ जीवनसत्त्व यांचा एवढा साठा एवढ्या किमतीत दुसऱ्या कशात क्वचितच मिळेल. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा किलो कलेजी कांदा-मिरी घालून परतली तर घरातल्या बायकांच्या रक्ताच्या दृष्टीने ते फार मोलाचे आहे. घरात कोणी गरोदर असेल तर अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकामुळे कलेजी टाळावी, आणि कोणाला युरिक अॅसिडचा त्रास असेल तर कलेजी, गुर्दा असे भाग त्या व्यक्तीला देऊ नयेत. वजडी, म्हणजे जनावराचे पोट, स्वस्त असते, पण ती साफ करण्यात जाणारा वेळ आणि पाणी पाहता नोकरी करणाऱ्या बाईला मी तिचा आग्रह धरणार नाही.

तुमच्या 2000 रुपयांची मांडणी मी अशी केली असती. वर धरलेल्या भावाने आठवड्याला 1 किलो बिनहाडाचा खांदा किंवा पायाचे मांस, म्हणजे महिन्याला 4 किलोंचे 1360 रुपये. प्रत्येक किलोचे दोन भाग करायचे, एक रश्श्याचा आणि दुसरा समोर दळून घेतलेल्या खिम्याचा. म्हणजे आठवड्यातून दोनदा बीफ पुन्हा सुरू होईल. उरलेल्या 640 रुपयांत महिन्यातून दोनदा कलेजी, दोनदा हाडे आणि बाकीची अंडी. पाच रविवारांच्या महिन्यात कलेजी एकदाच घ्यावी लागेल.

सासऱ्यांसाठी वेगळे काही विकत आणण्याची गरज नाही. पायाचे मांस कुकरमध्ये मंद आचेवर 45 मिनिटे शिजू द्या, आपोआप वाफ जाऊ द्या, आणि त्यांच्या वाट्याचे तुकडे गरम असतानाच काट्याने उलगडून त्यांच्याच रश्श्यात दहा मिनिटे पुन्हा मुरवा. थंड झाल्यावर या मांसाची चरबी जिभेला आणि टाळ्याला चिकटते, म्हणून त्यांचे ताट सर्वांत आधी आणि गरम वाढा. खिम्याच्या दिवशी त्यांच्यापुरता खिमा दोनदा दळून मागा आणि त्यात भिजवलेल्या पावाचा एक तुकडा कुस्करून घाला, म्हणजे कबाब जिभेने दाबला तरी फुटतो.