नियम ‘हो’ म्हणतो, मग घरच्यांनी काय म्हणायचे?

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या, मूळच्या सातारच्या एका कुटुंबाशी माझे पहिले बोलणे एप्रिलमधल्या एका शनिवारी झाले. पुण्यात सकाळचे साडेसहा वाजले होते आणि त्यांच्याकडे शुक्रवारची रात्र होती. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत; प्रश्न मात्र जसाच्या तसा देते, कारण खेळात पुढे गेलेल्या मुलांच्या आईवडिलांकडून तो मी वारंवार ऐकते. वडील म्हणाले, “ताई, मुलगा अठरा वर्षांचा आहे. कॉलेजचे पहिलेच वर्ष, आणि आता शिक्षण सोडून एनबीएच्या ड्राफ्टला नाव देतो म्हणतोय. एकोणीस पूर्ण व्हायला हवेत असा नियम आहे ना? त्याचा वाढदिवस ऑक्टोबरात आहे आणि ड्राफ्ट जूनमध्ये. म्हणजे यंदा त्याला जाताच येणार नाही, बरोबर?”

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या क्लबांनी दरवर्षी नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया. ते ‘बरोबर’ वडिलांनी ज्या आशेने उच्चारले, ती आशा मला मोडावी लागली. ज्या वर्षी ड्राफ्ट होतो त्या कॅलेंडर वर्षात खेळाडूला एकोणीस वर्षे पूर्ण होणार असली, तरी वयाची अट पुरी होते. ड्राफ्टच्या दिवशी तो एकोणीस वर्षांचा असावा लागत नाही. अमेरिकेत शिकलेल्या खेळाडूसाठी दुसरी अट अशी, की त्याच्या वर्गाचे शालेय शिक्षण संपल्यापासून एनबीएचा किमान एक हंगाम गेलेला असावा. मुलाच्या बाबतीत दोन्ही अटी पुऱ्या होत होत्या. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पुण्यातल्या मेहुण्यांनी सांगितलेला मुद्दा त्यांनी पुढे केला: आपण भारतीय, म्हणजे आपल्याला परदेशी खेळाडूंचा वेगळा नियम लागू होईल. तसेही नव्हते, कारण ती वर्गवारी वंशावर ठरत नाही. खेळाडू कोठे राहिला, शाळा कोठे पूर्ण केली, अमेरिकी कॉलेजात नाव घातले का, यावर ती ठरते. एडिसनमध्ये वाढलेला हा मुलगा त्या नियमापुरता पूर्णपणे अमेरिकी होता.

या नियमाकडून त्यांना काय हवे होते, ते त्या शांततेत मला कळले. मुलाला ‘नको’ म्हणण्याचे जड काम नियमाने परस्पर उरकावे, अशी त्यांची इच्छा होती. मी त्यांना दोष देत नाही. वाढत्या मुलाशी असलेले नाते दुखावू नये म्हणून आपण अनेकदा शाळेच्या, वसतिगृहाच्या किंवा डॉक्टरांच्या नियमाआड उभे राहतो. पण एनबीएचा हा नियम त्या कामासाठी केलेलाच नाही, आणि म्हणून त्याचा इतिहास मी त्यांना थोडा विस्ताराने सांगितला.

पूर्वी शाळा संपल्यावर चार वर्षे उलटल्याशिवाय खेळाडूला एनबीएत घेत नसत. मिसिसिपीतल्या अत्यंत गरीब, दहा भावंडांच्या घरातला स्पेन्सर हेवूड, ज्याने 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले होते, त्याने या नियमाला आव्हान दिले आणि 1971 मध्ये त्याच्या बाजूने निर्णय लागला. त्यानंतर काही वर्षे ‘हार्डशिप’, म्हणजे घरची आर्थिक अडचण दाखवणाऱ्याला लवकर प्रवेश मिळे. 1976 पासून तीही अट गेली. 1995 मध्ये केव्हिन गार्नेट शाळेतून थेट आला, 1996 मध्ये कोबी ब्रायंट, 2003 मध्ये लेब्रॉन जेम्स. मात्र त्याच काळात 1998 मध्ये चाळिसाव्या क्रमांकावर निवडला गेलेला कोर्लिऑन यंग एनबीएत केवळ तीन सामने खेळू शकला. 2005 मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या करारात किमान वय एकोणीस ठरले, 2006 च्या ड्राफ्टपासून ते लागू झाले, आणि 2023 च्या करारातही ते कायम राहिले. लीगला खरे तर वीस वर्षे हवी होती. वाटाघाटीच्या टेबलावर क्लबमालक होते, आधीच करारबद्ध असलेले खेळाडू होते. ज्याच्या आयुष्याचे एक वर्ष ठरत होते तो अठरा वर्षांचा मुलगा तेथे नव्हता. क्लबांना मुलाचा खेळ आणखी एक वर्ष पारखता यावा हा त्यामागचा मोठा हेतू आहे, आणि मुलगा मनाने किती तयार आहे याचे माप त्या आकड्यात शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या बैठकीत मुलाशी मी एकट्याने बोलले, आणि तोही नियमाचा अर्थ चुकीचाच लावत होता. “काकू, मी एलिजिबल आहे,” हे त्याने अर्ध्या तासात पाच-सहा वेळा सांगितले. पात्र असणे म्हणजे बोलावणे आले, असे त्याने धरले होते. मी त्याला आकडे मांडायला सांगितले. ड्राफ्टच्या दोन फेऱ्यांत मिळून साधारण साठ जागा असतात आणि त्यांत जगभरचे खेळाडू येतात, तर कॉलेजांच्या सर्वोच्च विभागातच साडेतीनशेहून अधिक संघ आहेत. पहिल्या फेरीत निवड झाली, तर दोन वर्षांच्या पगाराची हमी असते. दुसऱ्या फेरीत तशी ठरलेली हमी नसते. भारतीयांना माहीत असलेली दोन उदाहरणेही आम्ही पाहिली. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग 2015 मध्ये फ्लोरिडाच्या अकादमीतून, कॉलेजात न जाता, बावन्नाव्या क्रमांकावर निवडला गेला, पण एनबीएच्या मुख्य हंगामातला एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. कॅनडात वाढलेला पंजाबी वंशाचा सिम भुल्लर दोन वर्षांनी कॉलेज सोडून 2014 च्या ड्राफ्टला गेला, त्याची निवड झाली नाही, आणि तरीही 2015 च्या एप्रिलमध्ये तो सॅक्रामेंटो या एनबीए संघाकडून मैदानात उतरला.

तेव्हा तो थोडा सैलावला आणि खरे कारण बाहेर आले. त्याच्या खोलीत राहणाऱ्या वरच्या वर्गातल्या खेळाडूचा गुडघा जानेवारीत मोडला होता. रात्री त्याला उठायला हात देणारा हाच मुलगा. “शरीर चालतंय तोवर जायला हवं,” तो म्हणाला. हे भय खुळचट नव्हते, आणि तसे ते ठरवण्याचा प्रयत्न मी केला नाही. मात्र कॉलेजात थांबणे म्हणजे कमाई शून्य, ही स्थिती आता राहिलेली नाही: 2021 च्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि छबीच्या वापरातून पैसे मिळवता येतात, आणि आता महाविद्यालयेही थेट मोबदला देऊ लागली आहेत. त्याउलट, निवड न होता जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या पातळीवरच्या लीगमध्ये, खेळावे लागले, तर हंगामाचा पगार चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलरच्या आसपास असतो. दुखापतीच्या विम्याची चौकशी करायचे काम मी त्याच्याकडेच दिले.

तिसऱ्या बैठकीपर्यंत आई फारशी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी विचारले, “नाव दिलं आणि नंतर नको वाटलं, तर परत येता येतं का?” सगळ्या चर्चेत सर्वांत कामाचा प्रश्न हाच होता. येते. नाव देऊन लीगच्या सल्लागार समितीकडून आपल्या खेळाबद्दलचा अंदाज मागवता येतो, आणि शिकागोतल्या मे महिन्यातल्या चाचणी शिबिरानंतर दहा दिवसांत नाव मागे घेतले, तर कॉलेजातून खेळण्याचा हक्क शाबूत राहतो. कॉलेजची ही मुदत लीगच्या स्वतःच्या मुदतीच्या आधी संपते, आणि या दोन तारखांच्या गोंधळात हक्क गमावला जाऊ शकतो. एजंटाशी कोणताही कागद करण्यापूर्वी कॉलेजच्या कॉम्प्लायन्स, म्हणजे नियमपालन पाहणाऱ्या विभागाला लेखी विचारायचे, हेही आम्ही ठरवले.

मुलाने नाव दिले. वडिलांनी विरोध केला नाही, पण आपल्याला हे पटलेले नाही असे प्रथमच त्याच्या तोंडावर सांगितले, आणि मुलाने ते ऐकून घेतले. समितीचा अंदाज मेमध्ये आला: दोन्ही फेऱ्यांत निवड होण्याची शक्यता कमी. दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. मुदत संपायला चार दिवस असताना त्याने नाव मागे घेतले. पुढच्या वर्षी पुन्हा नाव द्यायचे की नाही यावर बापलेकांचे अजून एकमत नाही. हंगाम संपल्यावर, मार्चअखेरीस, त्या एकाच विषयावर बोलायला चौघांनी बसायचे ठरले आहे.